पडलेल्या ब्रॉडवे नाटकांच्या रेकॉर्ड्स कशा ऐकायच्या

आम्हा गोव्यातल्या फोंड्याकडच्यांना संगीत नाटक ऐकायला कोणी शिकवावं लागत नाही. जत्रेला देवळासमोर रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक वन्समोअर घेत घेत सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत चालतं आणि आपण डोळे चोळत बसून राहतो. पण परवा भाची म्हणाली, मामा, तुम्ही ते जुनं ब्रॉडवे, न्यूयॉर्कची ती संगीत नाटकं, ऐकता ना, मी पण लावून बघितलं, दोन गाण्यांत झोप आली. विचारलं तर बाईसाहेबांनी शफलवर, म्हणजे गाणी वाट्टेल त्या क्रमाने, लावलेलं! तर बाय, आधी ते शफल बंद कर.

पहिली गोष्ट, कास्ट रेकॉर्डिंग, म्हणजे नाटकातल्याच नटांनी गायलेल्या गाण्यांची रेकॉर्ड, हा थिएटरात माइक लावून घेतलेला प्रयोग नव्हे. त्या काळात नाटक उघडलं की बहुतेक वेळा लगेचच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, नट आणि ऑर्केस्ट्रा सगळे स्टुडिओत जायचे आणि एका दिवसात काम उरकायचे. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, आली, तिच्या एका बाजूला साधारण २२ ते २५ मिनिटं, म्हणजे अडीच तासांचं नाटक पाऊण-एक तासात कोंबायचं, मग कडवी उडाली, नाचाचं म्युझिक उडालं, संवाद तर जवळजवळ सगळेच गेले. आपली जुनी नाट्यपदं तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवायची तेव्हा गायकाला आटपतं घ्यावं लागायचं, तोच प्रकार.

म्हणून गोष्ट आधी वाचायची. एलपीच्या कव्हरवर मागच्या बाजूला कथानक छापलेलं असतं, फोनवर ऐकत असाल तर नेटवर शोधा, पण वाचल्याशिवाय प्ले दाबू नका. मी हे शिकलो ‘द गोल्डन ॲपल’वर, १९५४ चं नाटक, ग्रीक कवी होमरची हेलन-युलिसिसची गोष्ट उचलून १९०० च्या आसपासच्या अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आणून ठेवलीय. त्यात हेलन झालेल्या केय बॅलर्डने गायलेलं ‘लेझी आफ्टरनून’ आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, शीत-कडी जेवून बाई एकटीच पडवीत लोळत गुणगुणतेय, छान आहे, पुढे चला. नंतर वाचलं तर कळलं की पॅरिस (शहर नव्हे, हेलनला पळवणारा तो) तिच्या समोरच आहे! हा फुग्यातून आलेला फिरता विक्रेता, आणि अख्ख्या नाटकात तो बोलत नाही, गात नाही, फक्त नाचतो, मग रेकॉर्डवर दिसणार कुठून. परत लावलं तेव्हा त्या संथ चालीत ती त्याला कशी हळूहळू जाळ्यात ओढतेय ते ऐकू यायला लागलं, अंगावर काटा आला खरंच. एक सांगतो, या नाटकाची जुनी रेकॉर्ड बरीच कापलेली आहे, मधे मधे यमकातलं निवेदन घालून ठिगळं लावलीत. पूर्ण हवं तर टेक्सासमधल्या प्रयोगाचं २०१५ मध्ये निघालेलं रेकॉर्डिंग घ्या, पण बॅलर्डबाई जुन्यातच.

गाण्यांचा क्रम पण तपासा. एलपीच्या दोन बाजू नीट भरायला कधी कधी गाणी मागेपुढे केलेली असतात, स्टेजवरच्या क्रमाने प्लेलिस्ट बनवा, पाच मिनिटांचं काम. ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीला ऑर्केस्ट्रा वाजवतो ते, मात्र वगळू नका. ती आपली नांदी नाही, पुढे येणाऱ्या चालींची ती एक झलक असते, नंतर गाणं आलं की ‘अरे हे ऐकलंय’ असं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना गाणाऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही, मागे क्लॅरिनेट काय करतोय, ट्रम्पेट कुठे घुसतो तेवढंच.

कुठली निवडायची? पडलेलं नाटक म्हणजे वाईट गाणी असं अजिबात नाही. संगीतकार स्टीफन साँडहाइमचं ‘एनीवन कॅन व्हिसल’ १९६४ मध्ये ९ प्रयोगांत बंद पडलं, तरी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने नंतर ते रेकॉर्ड केलं म्हणून आज ऐकता येतं. (त्याच वर्षी आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं ‘मत्स्यगंधा’ आलं, ते मात्र अजून गातात लोक.) गंमत म्हणून १९६० चं ‘ख्रिस्टीन’ पण बघा, भारतात घडणारं ब्रॉडवे म्युझिकल, लिहिणाऱ्यांत नोबेलवाल्या पर्ल बक, प्रयोग १२.

एलपी विकत घेणाऱ्यांनी कव्हरवर ‘ओरिजिनल ब्रॉडवे कास्ट’ हे शब्द आणि नटांची नावं बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी नाटकाचं मोठं नाव बघून हुरळून एक घेतली, घरी येऊन बघतो तर गाणारे कोण त्याचा पत्ताच नाही, चाली तेवढ्या त्याच. वर पावसाळ्यात बुरशी धरली ते वेगळंच, एलपी उभ्या ठेवा आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब.

भाचीला मी सुरुवातीला ‘हाऊस ऑफ फ्लॉवर्स’ दिलंय, हॅरॉल्ड आर्लेनचं संगीत, तेही १९५४ चंच. त्यात गाणारी डायहान कॅरल तेव्हा १९ वर्षांची. तिचं ‘अ स्लीपिन बी’ असं की मधमाशी हातात धरायची, ती चावली नाही तर प्रेम खरं. काल रात्री मेसेज आला, ‘मामा, चावते का हो शेवटी?’ म्हटलं, गोष्ट वाचली नाहीस ना.