सॅन स्विचचं राउटिंग मूळ सेटिंगवर आणलं: माझा अनुभव

आमच्या सॅनमधल्या (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या नेटवर्कमधल्या) ब्रोकेड कंपनीच्या स्विचांमध्ये दोन आयएसएल (स्विच एकमेकांना जोडणाऱ्या लिंक) असूनही एकावर ट्रॅफिक तुंबायचं आणि दुसरी जवळजवळ मोकळी असायची. राउटिंगची पद्धत दाखवणारी ‘एपीटीपॉलिसी’ कमांड चालवून पाहिली तर पॉलिसी 1, म्हणजे पोर्टनुसार राउटिंग. त्यात एका पोर्टवरून एखाद्या ठिकाणी जाणारा डेटा ठरलेल्या एकाच वाटेने जातो. मूळ सेटिंग 3 असतं. त्यात एक्स्चेंजनुसार, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेजमधल्या प्रत्येक देवाणघेवाणीनुसार, मार्ग निवडला जातो, म्हणून भार वाटला जातो.

मात्र कुणी मुद्दाम 1 ठेवलंय का, हे आधी विचारा. मेनफ्रेमच्या फिकॉन (मेनफ्रेमला स्टोरेज जोडायची पद्धत) जोडण्यांसाठी तसं केलेलं असू शकतं. आमच्याकडे तसं नव्हतं.

पॉलिसी बदलायला स्विच डिसेबल करावाच लागतो, म्हणजे त्यावरचे सगळे पोर्ट बंद. खरी काळजी इथेच. तेवढा वेळ सगळा भार दुसऱ्या फॅब्रिकवर (स्विचांच्या दुसऱ्या, स्वतंत्र जाळ्यावर) जाणार, म्हणून प्रत्येक सर्व्हरचं मल्टिपाथ, म्हणजे स्टोरेजपर्यंतचे एकाहून जास्त मार्ग, तपासलं. एका जुन्या सर्व्हरचा दुसरा मार्ग बंदच होता! तो आधी दुरुस्त केला. ‘कॉन्फिगअपलोड’ने कॉन्फिगरेशन बाहेर जतन केलं, मग ‘स्विचडिसेबल’, ‘एपीटीपॉलिसी 3’, ‘स्विचएनेबल’. सगळंच मूळ सेटिंगवर नेणारं ‘कॉन्फिगडिफॉल्ट’ वापरलं नाही, कारण एका सेटिंगसाठी बाकीची सेटिंग्ज घालवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या फॅब्रिकला लगेच हात लावू नका. सर्व्हरवर सगळे मार्ग परत आलेले दिसू देत, ‘पोर्टएररशो’ (porterrshow) कमांडमधले पोर्टवरच्या चुकांचे आकडे वाढत नाहीत ना ते बघा, मगच पुढे जा. आता दोन्ही आयएसएलवर ट्रॅफिक जवळपास सारखं आहे.