काउन्सेलरकडे पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

"मी काय वेडा आहे का" हे आधी डोक्यातून काढा. झोप लागत नाही, घरी सगळ्यांवर खेकसताय, ऑफिसचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, एवढं कारण पुरे.

जायच्या आधी मोबाईलमध्ये चार ओळी लिहून ठेवा, कधीपासून होतंय, कशाने वाढतं, कारण समोर बसलं की निम्मं विसरायला होतं (माझं तर झालंच, नुसतं पाणी पीत बसलो). शिक्षण किती, फी किती, बिनधास्त विचारा. सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. काउन्सेलर औषधं देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांचा डॉक्टर. फायदा काय तर ऐकणारा माणूस नात्यातला नसतो, त्यामुळे "लोक काय म्हणतील" मध्ये येत नाही, आणि तेच तेच विचार कुठून सुरू होतात ते हळूहळू आपलं आपल्यालाच दिसायला लागतं. पण एका भेटीत जादू होत नाही हं, आणि नाही पटला तर दुसरा शोधा, त्यात कसला संकोच.

पैशांची अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात. जीव द्यायचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ताच लावा.