एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी धान्य बँक: पिशवीत काय भरायचं आणि काय नाही

धान्य बँक सुरू करायची म्हटलं की लोक सल्ले देतात ते पावती पुस्तकाचे, बॅनरचे आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं याचे. धान्य जमवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. आम्ही सोलापुरात, पूर्व भागात हे काम करतो. आयुष्यभर विड्या वळलेल्या बायका आणि गिरण्या बंद पडल्यावर घरी बसलेले कामगार इथं गल्लोगल्ली आहेत. त्यातले बरेच आता एकटे राहतात. इथं अडचण सुरू होते ती पिशवी घरात पोचल्यावर. तुम्ही पाच किलो गहू उंबऱ्यात ठेवून निघता, आणि तो महिनाभर तसाच राहतो, कारण तो उचलून गिरणीपर्यंत नेणारं घरात कोणी नसतं.

घरं शोधणं

अर्ज छापू नका, उत्पन्नाचा दाखला मागू नका. ज्याला खरी गरज आहे तो अर्ज घेऊन तुमच्या दारात येणार नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. अर्धा किलो डाळ नेणाऱ्या आजी पाव किलोवर कधी आल्या आणि नंतर नुसती चहाची पुडी कधी न्यायला लागल्या, हे त्याला तारखेसकट ठाऊक असतं. आशाताईंना आणि मेडिकलवाल्यालाही विचारा. बीपीच्या गोळ्यांचं अख्खं पाकीट घेणारा माणूस चारच गोळ्या कापून मागायला लागला, की त्याच्या जेवणालाही कात्री लागलेली असते.

“त्यांना मुलं आहेत की, मग आपण कशाला?” असं समितीत कोणीतरी म्हणतंच. मुलं पुण्यात असली म्हणून सोलापुरातली चूल पेटत नाही. २००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. त्यासाठी प्रांत कार्यालयात न्यायाधिकरण आहे. कोणाला तिथं जायचं असेल तर जरूर सोबत जा. पण बहुतेक आया पोराविरुद्ध कागदावर सही करत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना उपाशी ठेवण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

आधी त्यांचं हक्काचं रेशन

स्वतःची पिशवी भरायच्या आधी रेशन कार्ड बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. उत्पन्नाचा आधार नसलेल्या, साठीपुढच्या माणसांची घरं अंत्योदयच्या निकषांतच बसतात, हे कितीतरी जणांना कोणी सांगितलेलंच नसतं. पासष्ट वर्षं पूर्ण झाली असतील आणि वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ पेन्शन योजनेचा अर्जही त्याच फेरीत भरून टाका.

रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलेली माणसं तुम्हाला हमखास भेटतील. वय झालं की बोटांच्या रेषा पुसट होतात, त्यात जन्मभर विड्या वळलेल्या आणि भांडी घासलेल्या हातांची दशा विचारू नका. कोमट पाण्यानं हात धुऊन, कोरडे करून दहाही बोटं लावून बघा. मशीनला डोळ्यांवरून ओळख पटवायची सोय असेल तर ती मागा. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपी मागा. माणूस दुकानापर्यंत जाऊच शकत नसेल तर त्यांच्या वतीनं धान्य उचलणारा प्रतिनिधी नोंदवायला पुरवठा कार्यालयात अर्ज द्या. आधार किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलं आहे. तरी दुकानदार नाही म्हणाला, तर “नाही असं लिहून द्या” म्हणा आणि तिथंच उभं राहून रेशनच्या तक्रारींसाठीच्या १९६७ या क्रमांकावर फोन लावा. त्यानंही काम झालं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

जमवणं

दर महिन्याला ठरलेल्या दिवशी घरोघरी डबा फिरवा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बायका मूठमूठ धान्य बाजूला काढत, ती पद्धत आजही चालते. फक्त लोकांना गहू-तांदूळ न मागता डाळ मागा. का, ते पुढे.

पिशवी भरणं

इथं सगळ्यात जास्त चुकतं आणि मलाही हे नीट बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाजारात तयार मिळणारं ‘रेशन किट’ पाच माणसांच्या घरासाठी बांधलेलं असतं: पाच किलो गहू, पाच किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, साखर, तेल, मसाल्याची पाकिटं आणि दोन बिस्किटपुडे. सत्तरीच्या, एकट्या बाईला यातलं निम्मं निरुपयोगी आहे.

आधी हिशोब बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दोन हजार उष्मांकांचं जे ताट सुचवलं आहे, त्यात दिवसाला साधारण अडीचशे ग्रॅम धान्य आणि पंच्याऐंशी ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. म्हणजे महिन्याला साडेसात किलो धान्य आणि अडीच किलोच्या वर डाळ. वय झालेल्या माणसाला एवढं धान्य लागत नाही, पण प्रथिनांची गरज काही कमी होत नाही. ती कमी पडली की मांड्यांतली ताकद जाते, माणूस बाथरूममध्ये पडतो आणि अंथरूण धरतो. आता रेशनवर काय मिळतं? पाच किलो धान्य. डाळ मिळेल याची खात्री नाही. म्हणजे ज्या घरात रेशन चालू आहे तिथं तुम्ही पुन्हा गहू-तांदूळ नेऊन ओतत असाल, तर जे आहे तेच वाढवताय आणि जे नाही ते तसंच रिकामं ठेवताय. रेशन चालू असलेल्या घरात पिशवीचा कणा डाळ हाच हवा. रेशन नसलेल्या घराची पिशवी वेगळी बांधा, त्यात धान्यही घाला.

डाळ कुठली? तूर नको. तूरडाळ शिजवायला कुकर लागतो. झाकण जड, शिट्टीची धास्ती आणि रिंग सैल झालेली, म्हणून एकट्या राहणाऱ्या कितीतरी आजींनी कुकर माळ्यावर टाकलेला असतो. उघड्या पातेल्यात तूर शिजवत बसलं तर गॅस जातो. सिलिंडर चार महिने पुरवायचा असतो त्यांना. त्या सरळ डाळ करणंच सोडून देतात. मुगाची डाळ आणि मसूरडाळ द्या. अर्धा तास भिजवली तर साध्या पातेल्यात पटकन मऊ होते. अख्खी कडधान्यं तर अजिबात नकोत. हरभरे, राजमा, छोले देणाऱ्यांना मी हात जोडून परत न्यायला सांगते आणि त्या बदल्यात मूगडाळ मागते.

पिठाची गोष्ट नीट ऐका. गहू-ज्वारी दळूनच द्यायची, पण महिनाभराचं पीठ एकदम द्यायचं नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेनं चिरते, उचलली की तुटते, आणि ऐंशी वर्षांच्या हातांना तसलं पीठ उकळत्या पाण्यानं मळणं झेपत नाही. आजी तक्रार करणार नाहीत, भात खाऊन झोपतील. बाजरीचं पीठ त्याहून लवकर कडू होतं. म्हणून ज्वारीचं पीठ दोन किलोच, दर पंधरा दिवसांनी, ताजं दळलेलं. गल्लीतल्या गिरणीवाल्याला गाठा. दळणाचे पैसे न घेणारे गिरणीवाले मला नेहमी मिळत आले आहेत, फक्त जाऊन विचारावं लागतं.

मग दात. आमच्याकडं कडक भाकरी टिकते म्हणून लोक थप्पीच्या थप्पी दान करतात. दात नसलेल्या माणसाला ती आमटीत कुस्करूनच खाता येते, म्हणजे सोबत डाळ असेल तरच तिचा उपयोग. शेंगदाणे अख्खे देऊ नका. भाजून कूट करून द्या किंवा सोलापुरी शेंगाचटणी द्या, कमी तिखटाची, पाव किलोच्या वर नाही, कारण कूट उन्हाळ्यात खवट होतं. फुटाण्याच्या डाळीचं पीठ आणि मेतकूट या दोन गोष्टी फार उपयोगी. स्वयंपाक करायची ताकद नसेल त्या दिवशी गरम भातावर किंवा ताकात घालून पोटात काहीतरी बरं जातं. नाचणीचं पीठही ठेवा, पेज झटपट होते.

बिस्किटं, पापड, लोणचं, मसाल्याची तयार पाकिटं पिशवीत येऊच देऊ नका. देणाऱ्याला स्वस्तात पिशवी फुगवल्याचं समाधान मिळतं, आणि खाणाऱ्याची साखर नि रक्तदाब वाढतो. पहिल्या भेटीतच विचारून घ्या, रोजच्या गोळ्या कशाच्या आहेत. मधुमेह असेल तर साखर आणि पोहे कमी, डाळ जास्त. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ किती चालेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, तिथं स्वतःची अक्कल चालवू नका.

बांधणी हा शेवटचा आणि सर्रास दुर्लक्षित भाग. तेलाची एक लिटरची पिशवी थरथरत्या हातांनी कापताना ओट्यावर सांडते. अर्धा लिटरची, फिरकीच्या झाकणाची बाटली द्या. पाकिटांना स्टेपलरची पिन मारू नका. नजर कमी असलेल्या माणसाला डाळीत पडलेली पिन दिसत नाही. रबर लावा, घट्ट गाठ नको. पाकिटावर ठळक अक्षरात पदार्थाचं नाव आणि दळल्याची तारीख. एका खेपेला पिशवी चार किलोच्या आत, कारण ती त्यांना जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायची असते. आणि साठ्यात कीड लागू नये म्हणून कोणी धान्यात गोळ्या टाकायला सांगितलं, तर त्या माणसाला साठ्याजवळ फिरकू देऊ नका. बाजारात मिळणाऱ्या त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा विषारी वायू माणसाचा जीव घेतो. कडुलिंबाचा पाला, कडक ऊन आणि कमी साठा एवढं पुरतं.

एवढं करूनही पिशवी बरोबर आहे की नाही हे तुम्हाला घरात बसून कळणार नाही. “पुरलं का आजी?” असं विचारू नका. उत्तर कायम “पुरलं बाई, खूप झालं” असंच येतं. “मागच्या वेळचं काय उरलंय? ते यावेळी कमी आणते” असं विचारा. मग त्या स्वतः उठून डबा दाखवतात. एका घरात मसूरडाळ तशीच दिसली, तेव्हा कळलं की त्यांच्यात ती खातच नाहीत. दुसरीकडं तेलाला हात लागलेला नव्हता, कारण ओट्याशी उभंच राहता येत नव्हतं. त्यांना पिशवी नको होती, शिजवलेलं अन्न हवं होतं.

पोचवणं

मुख्य पिशवी वीस तारखेच्या सुमारास पोचवा, एक तारखेला नाही. रेशन आणि पेन्शन आली तर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात येते, डबे रिकामे होतात ते शेवटी. दर वेळी तोच माणूस पाठवा आणि दहा मिनिटं बसायला सांगा. फोटो नाही. नगरसेवकाचा नाही, देणगीदाराचा नाही, मंडळाचाही नाही. फोटो लागतोच असं म्हणणारी देणगी परत करा.

ज्यांना शिजवणं जमत नाही

चालता येत असेल आणि जवळ केंद्र असेल तर दहा रुपयांची शिवभोजन थाळी आहे: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चालता येत नसेल तर शेजारच्या घरातून डबा लावा आणि शेजारणीला त्याचे पैसे किंवा शिधा द्या. फुकट करायला लावलं तर दोन महिन्यांत डबा बंद पडतो. लग्नातलं उरलेलं जेवण मात्र या माणसांच्या घरी नेऊ नका. ते रात्री उशिरा हाती येतं, तेलकट आणि तिखट असतं, आणि आजी ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवून खातात. अमेरिकेत १९६७ मध्ये फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली, ती दुकानांतलं विकलं न जाणारं पण चांगलं अन्न गोळा करूनच. उरलेलं वाटण्याला माझा विरोध नाही. उरलेलं गरम जेवण ताबडतोब खाऊ शकणाऱ्या तरुण माणसांना द्या.

वही

प्रत्येक घराला एक पान: गोळ्या, दात, गॅस, काय खात नाहीत, रेशन चालू की बंद, शेजारी कोणाकडे किल्ली असते. पहिल्या पानावर १९६७ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हे दोन क्रमांक. वही दोघांना तरी वाचता आली पाहिजे, म्हणजे एक जण आजारी पडला तरी वीस तारीख चुकत नाही. आणि नवं घर यादीत घ्यायच्या आधी कोठीत बघा: आत्ताच्या सगळ्या घरांना तीन महिने पुरेल एवढी मूगडाळ आहे का? नसेल तर आधी डाळ गोळा करा, मग त्या घराची कडी वाजवा.