कवेलूचं छोटं घर करायचं असंल तं आधी टेप घ्या

बाहुलीघर म्हणून विलायती बंगल्याचं किट आणून जोडायचं नसून आपलं मातीचं, कवेलूचं, सपरीवालं, म्हणजे पडवीवालं, घर लहान मापात करायचं आहे ना, मग आधी गावातलं एखादं जुनं उभं घर टेपनं मोजून घ्या, फोटो काढा, पुढल्या पावसाळ्यात ते पडलं तं मापं कुठून आणसान? मोजलं ते बारानं भागायचं, म्हणजे फुटाला एक इंच. जगात बरेचसे लोक हेच माप धरतात, इंग्लंडात विंडसरला राणी मेरीचं बाहुलीघर आहे, दिल्लीचं राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या लुटियन्सचंच डिझाइन, 1924 मध्ये पुरं झालं, नळाला खरं पाणी येते बाप्पा, तेही 1:12 चंच.

दीड फुटाची भिंत दीड इंचाची होते, ती भरीव करू नका, वजन वाढते. सनबोर्डचे, म्हणजे फोमच्या हलक्या पाटीचे, दोन तुकडे, मधात पोकळी, वायर त्यातूनच न्या आन् लिंपायच्या आधीच न्या. फोनचा जुना 5 व्होल्टचा चार्जर चालते, प्रत्येक एलईडीला वेगळा 220 ओहमचा रेझिस्टर लावा, उजेड मंद पडते आन् तसाच पाहिजे.

लिंपायला वावरातली काळी माती नको, सुकली की भेगा पडतात. गावठाणातली पांढरी घ्या, ओढणीतून चाळा, फेविकॉल-पाणी टाकून पातळ हात द्या, सुकला की दुसरा. सावलीतच सुकवा, मे महिन्यात तं वरून ओला फडका झाका. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकू नका, या मापात कुटाराची काडी म्हणजे वासाच दिसते.

खरा वेळ खातात ते कवेलू. नऊ इंची कवेलू पाऊण इंचाचं होते. पेन्सिलीला पेपर गुंडाळा, नाही तं माती चिकटते, त्यावर पातळ लाटलेली माती गुंडाळून जरा सुकून घट्ट झाली की ब्लेडनं उभे दोन काप द्या, दोन कवेलू तयार. एका उतारालाच शेकड्यानं लागतात, म्हणून रोज संध्याकाळी थोडे थोडे करून डब्यात टाकत जा, घाई केली तं कंटाळून सोडून देसान. ओळखीचा कुंभार असंल तं आव्यात भाजून मागा, खरा लाल रंग येते. लावताना वळचणीपासून वर जा, खाली उताणे, त्यांच्या सांध्यावर पालथे, आन् पट्टी लावून सरळ बसवू नका, जुनं छप्पर कुठंतरी दबलेलंच असते. चुलीच्या वरचे कवेलू थोडे काळे करा.

वाशाला तुराटी मस्त, फक्त भुंगा लागलेली घेऊ नका. दाराला सुताराकडच्या सागाच्या चिपा.

माझं मत, आधी सपरी आन् सैपाकघर एवढंच पुरं करा, अगदी पाटा-वरवंट्यासकट, मग पुढची खोली. गुरांच्या कोठ्यासाठी घराखालच्या प्लायवर जागा सोडून ठेवा. आन् काचेची पेटी आधीच करून घ्या, पाहुण्यांची पोरं पहिले चूलच उचलतात.