मॉस्फेट उडाला? नवा लावण्याआधी जुना तपासा

इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी हाय व्होल्टेज देणाऱ्या कॉइलच्या) ड्रायव्हरमधला, म्हणजे तिला चालवणाऱ्या सर्किटमधला, मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) गेला की हात आपसूक नव्याकडे जातो. थांबा. बिघाडाचं कारण तसंच राहिलं तर दुसराही जाणार.

सप्लाय काढा, कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मॉस्फेट बोर्डवरून उतरवा. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून ड्रेन-सोर्स (करंट वाहून नेणारे दोन पाय) दोन्ही दिशांनी तपासा. दोन्हीकडे बीप आला तर तो शॉर्ट. गेट (चालू-बंदचा इशारा घेणारा पाय) आणि सोर्सही शॉर्ट असतील तर ५५५ (टायमर आयसी) किंवा जो ड्रायव्हर आयसी असेल तोही बदला. फुटलेल्या गेटमधून ड्रेनचा व्होल्टेज मागे त्याच्यापर्यंत पोचलेला असू शकतो.

हीटसिंक थंडगार आणि मॉस्फेट मेलेला, असं असेल तर माझा पहिला संशय व्होल्टेजवर. सप्लाय १२ व्होल्टचा म्हणून १०० व्होल्टचा आयआरएफ५४० भरपूर वाटतो, आणि इथेच घात होतो. करंट तुटताक्षणी प्रायमरीवर (कॉइलच्या कमी वेढ्यांच्या बाजूवर) व्होल्टेजची उसळी येते. वेढ्यांचं गुणोत्तर १:१०० धरा: सेकंडरीवर (जास्त वेढ्यांच्या, ठिणगीच्या बाजूवर) ३० किलोव्होल्ट, म्हणजे प्रायमरीवर ३०० व्होल्ट. स्पार्क गॅप फार रुंद असेल किंवा वायर सुटलेली असेल तर ऊर्जेला बाहेर वाट मिळत नाही, सगळा मार ड्रेनवर येतो. म्हणून कॉइल कधीही उघडी चालवू नका. आयआरएफपी४६० सारखा ५०० व्होल्टचा मॉस्फेट घ्या आणि ड्रेन-सोर्सवर त्याहून कमी व्होल्टेजचा टीव्हीएस (उसळी कापणारा डायोड) लावा. प्रायमरीवर साधा डायोड लावायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने मॉस्फेट वाचतो खरा, पण करंट हळूहळू उतरतो आणि ठिणगीच मरते.

मरण्याआधी मॉस्फेट तापत होता? मग गेट बघा. या मॉस्फेटला गेटवर १० व्होल्ट तरी हवेत. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि भाजतो. गेटला १० ओहमचा रेझिस्टर पुरे, शिवाय गेट-सोर्सवर १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड). ऑन-टाइमही (मॉस्फेट चालू राहतो तो वेळ) मोजा: प्रायमरी १ ओहमची असेल तर १२ व्होल्टवर करंट १२ अँपिअरकडे चढत जातो, आणि कोअर (कॉइलचा गाभा) सॅच्युरेट झाल्यावरचा, म्हणजे तो आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही तेव्हाचा, प्रत्येक क्षण फक्त उष्णता वाढवतो.

नवा मॉस्फेट लावल्यावर सप्लायच्या मालिकेत गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा आणि पल्स अगदी कमी ठेवा. बल्ब भगभगीत पेटला तर लगेच बंद करा. ड्रेनवरची उसळी बघायची असेल तर स्कोपला (ऑसिलोस्कोपला) १००एक्सचा, म्हणजे व्होल्टेज शंभरपट कमी करून देणारा, प्रोब लावा. साधा मल्टिमीटर ती दाखवतच नाही. आणि प्रोब लावायचा तो सप्लाय बंद असताना.