निकेल मिश्रधातूची पट्टी वापरताना या चुका टाळा

पट्टी चुंबकाला चिकटली की ती निकेलची, असे समजून माल उतरवून घेणे ही बॅटरी पॅक बांधणाऱ्यांची नेहमीची चूक आहे. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते हे खरे. पण निकेलचा मुलामा दिलेले पोलादही तसेच चिकटते आणि दोन्हींची चकाकीही सारखीच दिसते. पोलादी पट्टीचा विद्युतरोध साधारण दीडपट ते दुप्पट असल्याने तेवढ्याच प्रवाहाला ती अधिक तापते आणि दमट जागेत कापलेल्या कडांपासून गंजू लागते. पारखायचे असेल तर पट्टीचा बोटभर तुकडा कापून त्यावर पॉलिश पेपरने खोल रेघा ओढाव्यात आणि तो मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून रात्रभर ठेवावा. मुलाम्याची पट्टी असेल तर सकाळी त्या ओरखड्यांत तांबूस गंज दिसतो. पुरवठादार कितीही जुना असला तरी प्रत्येक नव्या कॉइलवर ही चाचणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पट्टी सेलला जोडणाऱ्या स्पॉट वेल्डिंगचे (विजेच्या प्रवाहाने ठिपक्यांत केलेल्या जोडाचे) ठिपके ओढताच सुटू लागले की बहुतेक जण यंत्राचा प्रवाह वाढवतात आणि मग पट्टीला भोक पडते. त्याआधी प्रवाह कुठून जातो हे पाहायला हवे. दोन्ही इलेक्ट्रोड पट्टीवरच टेकलेले असल्यामुळे प्रवाहाचा मोठा भाग सेलमध्ये न शिरता पट्टीतूनच आडवा निघून जातो. दोन ठिपक्यांच्या मधोमध चीर असलेली पट्टी घेतली की ही वाट लांबते आणि प्रवाहाला सेलच्या टोपीतून जावे लागते. इलेक्ट्रोडची टोके काळवंडलेली असतील तर ती घासून घ्यावीत. जोडाची खात्री करण्यासाठी पूर्ण डिस्चार्ज केलेल्या निकामी सेलवर वेल्ड करून पट्टी पक्कडीने सोलून काढावी. पट्टी फाटली आणि ठिपक्याच्या जागी तिचा धातू सेललाच चिकटून राहिला, तर जोड पक्का समजावा.

सर्वांत दुर्लक्षित चूक मात्र अनीलिंगच्या, म्हणजे पट्टी भट्टीत तापवून मऊ करण्याच्या, वेळी होते. भट्टीतून बाहेर काढलेली पट्टी मऊ असायला हवी, ती वाकवताच तडकली तर सगळे पट्टी लाटणाऱ्या रोलिंग गिरणीला दोष देतात. पण पुष्कळदा दोष पट्टीवर राहिलेल्या गंधकाचा असतो. कटिंग ऑइल, डायचे वंगण, खुणा करण्याचे रंग, भट्टीचे इंधन यांपैकी कशातूनही तो येऊ शकतो. गंधक आणि निकेल यांचे निकेल सल्फाइड बनते, ते निकेलबरोबर ६४० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते आणि स्फटिककणांच्या सीमांतून आत झिरपत जाते, तर अनीलिंगचे तापमान त्याहून वर असते. एकदा असे झाले की ती पट्टी पुन्हा अनील करूनही सुधारत नाही, बाधित भाग कापूनच टाकावा लागतो. म्हणून भट्टीत घालण्यापूर्वी पट्टी तेलकटपणा पूर्ण जाईपर्यंत धुऊन, पुसून, कोरडी करावी आणि त्यानंतर तिला उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

वाकवताना पडणाऱ्या चिरांचे कारण वेगळे असते. निकेल मिश्रधातू थंड अवस्थेत काम करताना झपाट्याने कडक होतात, त्यामुळे एकाच दमात खोल आकार देण्याऐवजी मध्ये अनीलिंग करावे लागते. वाकाची रेघ रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवावी आणि कापलेल्या कडेची बर (कापताना उरलेली धारदार किनार) वाकाच्या आतल्या बाजूला यावी. मागणी नोंदवताना फक्त जाडी व रुंदी लिहून टेंपर (पट्टी किती मऊ की कडक हवी ते) लिहायचे राहिले, तर स्प्रिंगसाठी मऊ आणि खोल ओढकामासाठी कडक पट्टी हातात पडते.

ग्रेडची गल्लतही अशीच महागात पडते. निकेल २०० मध्ये कार्बन ०.१५ टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि ३१५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास तो ग्रॅफाइटच्या रूपात बाहेर पडून धातू ठिसूळ होतो; तिथे ०.०२ टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेले निकेल २०१ वापरावे. हीटरसाठी ८० टक्के निकेल व २० टक्के क्रोमियमचे नायक्रोम लागते, तर तापमानाने लांबी जवळजवळ बदलू नये अशा कामाला ३६ टक्के निकेलचे इन्वार. चुंबकीय क्षेत्र अडवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या म्यू-मेटलच्या पट्टीची गोष्ट याहून नाजूक आहे: आकार देताना तिच्यावर हातोडी चालली किंवा ती नुसती जोरात आपटली तरी तिची चुंबकीय पारगम्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्र स्वतःतून वाहून नेण्याची क्षमता, घसरते. म्हणून तिचे छेद, वाक आणि वेल्डिंग आधी उरकून हायड्रोजन भट्टीतले अनीलिंग सर्वांत शेवटी करावे.