क्रूझवरचा ब्रिज आतून पाहायचा असेल तर

मुंबईहून क्रूझने जाऊन आलेल्या मंडळींना पोहण्याचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम आणि जेवणातले पदार्थ तोंडपाठ असतात; पण जहाज जिथून चालवले जाते तो ब्रिज पाहिलात का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर 'तिथे आपल्याला कोण जाऊ देणार' असेच येते. जाऊ देतात. मात्र त्यासाठी मागणी कोणाकडे करायची, कधी करायची आणि कशा शब्दांत करायची, याचे भान ठेवावे लागते. मी पहिल्या खेपेस या तिन्ही बाबतीत चुकलो आणि दुसऱ्या खेपेस ब्रिजवर पाऊण तास उभा राहिलो, त्यामुळे पुढचे सगळे दोन्ही बाजूंनी अनुभवलेले आहे.

सर्वप्रथम हे समजून घ्यावे की परवानगी देण्याचा अधिकार फक्त कॅप्टनचा असतो. तिकीट विकणारा एजंट, रिसेप्शनवरचा कर्मचारी, इतकेच काय, पाहुण्यांची सगळी व्यवस्था पाहणारा हॉटेल व्यवस्थापकसुद्धा 'देतो' असे म्हणू शकत नाही. ते फार तर तुमची विनंती वर पोहोचवतात. आपल्याकडे कोणाचा तरी मामेभाऊ किंवा शेजारी 'बोटीवर' असतोच, आणि त्याच्या ओळखीने काम होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वशिला इथे उपयोगाचा नाही आणि तो लावूही नये, कारण ब्रिज ही जहाजावरची प्रतिबंधित जागा आहे आणि परवानगीशिवाय कोणाला आत घेतल्यास त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याच्या नोकरीवरच गदा येते.

ही बंदी पूर्वी इतकी कडक नव्हती. अनेक प्रवासी जहाजांवर एखादा दिवस ठरवून पाहुण्यांना ब्रिजवर नेत असत. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची जी संहिता केली, ती 1 जुलै 2004 पासून लागू झाली आणि ब्रिजचे दार बंद राहू लागले. पुढे 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्दिया' हे जहाज खडकावर आदळून 32 जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी ब्रिजवर ज्यांचे तिथे काहीच काम नव्हते अशी माणसे हजर होती. त्यानंतर क्रूझ कंपन्यांनी एकत्रितपणे ठरवले की जहाज बंदरात शिरताना, बाहेर पडताना किंवा अधिक सावधगिरीची गरज असेल तेव्हा कामाच्या माणसांखेरीज कोणीही ब्रिजवर असता कामा नये. हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की भेटीची योग्य वेळ कोणती, हे त्यातूनच कळते. जहाज मोकळ्या समुद्रात आहे, हवा शांत आहे, आजूबाजूला वाहतूक फारशी नाही आणि बंदरात जहाजाला वाट दाखवायला चढणारा तिथला जाणकार, म्हणजे पायलट, आत नाही, अशीच वेळ कॅप्टन तुम्हाला देऊ शकतो.

म्हणून खरी तयारी तिकीट काढतानाच सुरू होते. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी दोन रात्रींची सफर घेतलीत, तर त्या दोन रात्रींत मुंबईतून निघताना, मुरगावात शिरताना, तिथून निघताना आणि पुन्हा मुंबईत येताना असा चार वेळा पायलट जहाजावर चढतो. उरलेल्या वेळात अधिकाऱ्यांना विश्रांती घ्यायची असते. माझी पहिली सफर अशीच होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिसेप्शनवर जाऊन मी तोंडीच विचारले. तिथल्या मुलीने हसून 'सांगते सर' म्हटले आणि विषय तिथेच संपला. तिचा दोष नव्हता. ज्यात एक तरी पूर्ण दिवस समुद्रात जातो, अशी सफर निवडावी. लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या सफरीत जाताना आणि येतानाही असा दिवस मिळतो, त्यामुळे या कामासाठी ती मला सर्वांत सोयीची वाटते.

परदेशी कंपन्यांच्या जहाजाने सिंगापूर, दुबई किंवा युरोपातून जाणार असाल, तर आधी विकतचा मार्ग तपासावा. रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस, कार्निव्हल अशा कंपन्यांच्या अनेक जहाजांवर पडद्यामागची फेरी म्हणून एक सशुल्क कार्यक्रम असतो, त्यात मुख्य स्वयंपाकघर, धोबीखाना, रंगमंचाची मागची बाजू, इंजिनांचे नियंत्रण कक्ष आणि शेवटी बहुतेकदा ब्रिज दाखवतात. शुल्क बऱ्याचदा माणशी 100 डॉलरच्या पुढे जाते आणि जागा मोजक्याच असतात, म्हणून कंपनीच्या ॲपवर निघण्यापूर्वीच शोध घ्यावा. तिथे दिसत नसेल तर जहाजावर चढल्या चढल्या सहलींच्या काउंटरवर विचारावे. पैसे भरण्यापूर्वी 'यात ब्रिज आहे का' हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायलाच हवा, कारण नाव तेच ठेवून ब्रिज वगळलेल्या फेऱ्याही असतात. स्वयंपाकघर पाहण्यात मजा आहे, यात शंका नाही. पण ब्रिजसाठी पैसे भरून केवळ कांदे सोलण्याचे यंत्र पाहून परतणे जिवावर येते. काही जहाजांवर, उदाहरणार्थ रॉयल कॅरिबियनच्या फ्रीडम वर्गाच्या जहाजांवर, ब्रिजच्या वर काचेची खिडकी ठेवलेली असते आणि तिथून कोणालाही फुकट आत डोकावता येते.

विकतची फेरी नसेल, तर पत्राचा मार्ग उरतो, आणि तो मला अधिक आवडतो. पत्र पहिल्याच संध्याकाळी द्यावे. मुंबईत बॅलार्ड पिअरवर सामानाची तपासणी, ओळखपत्रे आणि केबिनची चावी या सोपस्कारांत दुपार निघून जाते आणि पुढे सुरक्षा कवायत होते. ती आटोपली की रिसेप्शनवरची गर्दी वाढायच्या आत जावे. कागद आणि पाकीट घरून न्यावे. पाकिटावर कॅप्टनचे नाव लिहावे. ते जहाजावरच्या दैनिक पत्रकात किंवा रिसेप्शनजवळच्या फलकावर बहुधा मिळते.

पत्र साध्या इंग्रजीत आणि अर्ध्या पानाच्या आत असावे. त्यात काय लिहावे, हे मी मराठीत सांगतो: 'आम्ही मुंबईचे असून अमुक केबिनमध्ये आहोत. माझ्या आत्याचे सासरे कोकणातल्या बोटींवर सुकाणी होते आणि तिला आजवर जहाजाचा ब्रिज पाहण्याची संधी मिळालेली नाही. आपल्याला आणि आपल्या सहकाऱ्यांना सोयीची अशी कोणतीही वेळ आम्हाला चालेल. दहा मिनिटेही पुरेशी आहेत. शक्य नसेल तर आम्ही नक्कीच समजून घेऊ.' खाली येणाऱ्या प्रत्येकाचे ओळखपत्रावरचे पूर्ण नाव, वय आणि केबिन क्रमांक. एवढेच. कारण खरे असावे आणि एकच असावे. 'आमचे पंचवीस वर्षांचे स्वप्न आहे', 'मी एवढे पैसे भरले आहेत', 'मागच्या जहाजावर दाखवले होते' यांपैकी काहीही लिहू नये, आणि दिवस किंवा तास तर मुळीच सुचवू नये, कारण सोयीची वेळ शोधण्याचे काम कॅप्टनवर सोपवले की त्याला होकार देणे सोपे जाते.

नावांबद्दल मी मुद्दाम ताकीद देतो. माझ्या पत्रात मी, पत्नी आणि आत्या अशी तिघांचीच नावे होती. दहा वर्षांचा भाचा सोबत होता, पण 'लहान मुलाचे काय लिहायचे' असे समजून मी त्याला वगळले. ब्रिजच्या दाराशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाच्या हातात तीन नावांची यादी होती आणि चौथा माणूस आत जाणार नव्हता. भाचा बाहेर राहिला, त्याच्यासोबत पत्नीही थांबली, आणि त्याच्या आईने ते प्रकरण अजून मिटवलेले नाही. मुलांना वयाची अट असेल तर जहाजवाले सांगतात. आपण आपल्या मनाने नाव गाळू नये.

पत्र दिल्यावर पाठपुरावा एकदाच करावा, तोही दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात कॅप्टन पाहुण्यांना भेटण्यासाठी स्वागतसमारंभ ठेवत असेल तर अवश्य जावे, पत्राचा उल्लेख एका वाक्यात करावा आणि बाजूला व्हावे. रांगेत मागे चाळीस माणसे सेल्फीसाठी उभी असतात. बोलावणे आले तर ते केबिनमधल्या फोनवर किंवा दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीने येते आणि बहुधा ऐन वेळी येते. आम्हाला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला की सव्वाअकराला रिसेप्शनपाशी या. त्या वेळी मी ओल्या कपड्यांत आणि रबरी चपलांत तलावाकाठी होतो. समुद्रातल्या दिवशी मधूनमधून केबिनमध्ये डोकावत राहावे आणि एक जोडी बंद बूट, पूर्ण लांबीची पँट किंवा सलवार-कुर्ता हाताशी ठेवावा. आत्या नऊवारीत आली आणि कोणी हरकत घेतली नाही, पण पायांत बूट घालण्याचा आग्रह त्यांनी धरला. ओळखपत्र आणि केबिनचे कार्ड सोबत असावे, पिशव्या खालीच ठेवाव्यात. हातात धरायच्या यंत्राने तपासणी होते आणि काही ठिकाणी एका कागदावर सहीही घेतात. फोटोची परवानगी आत शिरण्याआधी विचारावी आणि 'नाही' म्हटले तर फोन खिशातून काढूच नये.

आत गेल्यावर पहिली जाणवते ती शांतता. खाली तलावाकाठी ढोल वाजत असतो आणि इथे फक्त वातानुकूलन यंत्राची घरघर. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी काच, तिच्यामागे पडद्यांची रांग: एकावर इलेक्ट्रॉनिक नकाशा, दोनांवर रडार. आत्याने सगळीकडे पाहून विचारले, "सुकाणू कुठंय?" योगायोगाने पहाऱ्यावरचा अधिकारी रत्नागिरीकडचा निघाला. "हे काय मावशी, एवढंच," म्हणत त्याने जेवणाच्या ताटाएवढे एक काळे चाक दाखवले. आत्याची निराशा चेहऱ्यावर दिसली. तिच्या डोळ्यांसमोर सासऱ्यांच्या वर्णनातले पुरुषभर उंचीचे लाकडी चाक होते. मग त्याने तिला सांगितले की इंग्रज आमदनीतल्या जहाजांवर सुकाण्याला साहेबही 'सीकनी' म्हणत, म्हणजे आपलाच शब्द त्यांच्या तोंडी बसला होता. त्यानंतर ती जी खुलली, ती शेवटपर्यंत.

ब्रिजवर कशालाही हात लावायचा नाही, टेकायचे नाही आणि अधिकारी दुर्बीण डोळ्याला लावतो किंवा रेडिओवर बोलू लागतो तेव्हा प्रश्न अर्धा सोडून गप्प राहायचे, एवढे पाळले की ते लोक मोकळेपणाने बोलतात. जहाजाची लांबी, वेग, इंजिनाची ताकद हे माहितीपत्रकात छापलेले असते; त्यावर वेळ घालवू नये. त्याऐवजी कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांबद्दल विचारावे. आपली ओळख आणि जागा आपोआप प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा प्रवासी जहाजांना बंधनकारक आहे, पण लहान होड्यांवर ती नसली तर त्या नकाशाच्या पडद्यावर उमटत नाहीत; मग रात्री त्या कशा ओळखतात, जाळ्याच्या बोयांचे काय करतात, या प्रश्नावर आमच्या अधिकाऱ्याने दहा मिनिटे घेतली आणि रडारवरचा एक लुकलुकणारा ठिपका दाखवून तो नंतर दुर्बिणीतून खराखुरा डोलताना दाखवला. दुसरा चांगला प्रश्न दोन रडारांचा: एक तीन सेंटिमीटर लहरींचे, बारीक तपशील दाखवणारे, आणि दुसरे दहा सेंटिमीटरचे, पावसातही कमी गोंधळणारे. पावसाळ्यातला अरबी समुद्र ज्याने किनाऱ्यावरून पाहिला आहे, त्याला दुसऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जमल्यास ब्रिजच्या कडेचा पंख पाहू देण्याची विनंती करावी. तो जहाजाच्या अंगाबाहेर आलेला असतो आणि तिथून धक्का व जहाज यांतले अंतर थेट खाली पाहून मोजता येते. धक्क्याला लागताना कॅप्टन बहुधा तिथेच उभा असतो.

पहारा बदलण्याची वेळ टाळता आली तर उत्तम. चार तास काम आणि आठ तास विश्रांती अशी पाळी बहुतेक जहाजांवर असते आणि बारा, चार, आठ हे बदलाचे ठोके; त्या सुमारास तुम्हाला आत ठेवले असेल तर स्वतःहून निरोप घ्यावा.

नकार आला किंवा काहीच आले नाही, तरी मुंबईतून निघतानाची वेळ वाया घालवू नये. जहाजाच्या पुढच्या बाजूला, ब्रिजच्या वरच्या किंवा खालच्या अंगाला प्रवाशांसाठी खुला डेक असेल तर तिथे जागा धरावी. उजव्या हाताला कुलाब्याचे टोक आणि त्यापुढे 1875 पासून उभे असलेले प्राँग्ज दीपगृह, डाव्या हाताला मांडवा आणि पुढे खांदेरीचा दिवा. ब्रिजवरून दिसते तेच इथूनही दिसते, आणि पायलट शिडीवरून आपल्या छोट्या बोटीत उतरतो ते पाहायचे असेल तर बाजूच्या कठड्याशी उभे राहावे.

भेट झाली असेल तर आभाराचे दोन ओळींचे पत्र कॅप्टनच्या नावे रिसेप्शनवर द्यावे, आणि ज्या अधिकाऱ्याने वेळ दिला त्याचे नाव त्यात जरूर लिहावे, कारण अशी पत्रे वरपर्यंत जातात. हे काम शेवटच्या संध्याकाळीच उरकावे. रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे कागद, पाकीट आणि पेन हातातल्या पिशवीत आधीच काढून ठेवलेले बरे. माझे पेन बॅगेतून गेले आणि ते पत्र आत्याच्या भुवया रंगवण्याच्या पेन्सिलीने लिहावे लागले.